देवाचें व्यक्तित्व आणि पूर्वनिर्णयांचें गणित

देवाच्या नांवावर जमीन असते, देव कोर्टांत वादी होतो. देवस्थानाशीं संबंध असलेल्या वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु एका निवाड्यांतून दुसरा निवाडा कसा निघतो, याचा विचार आपण क्वचितच करतों.

कलकत्त्याच्या मलिक घराण्यांत वाद उपस्थित झाला, कीं पूजेची पाळी ज्याची, त्यानें मूर्ति आपल्या घरीं न्यावी कीं नाहीं. १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें, कीं मूर्ति ही केवळ जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें ती व्यक्ति आहे, आणि आपल्या स्थानाविषयींची तिची इच्छा मानली पाहिजे. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें गुरुद्वारांत प्रतिष्ठित झालेल्या गुरु ग्रंथ साहिबासही व्यक्ति मानलें. शिखांना मूर्तिपूजा मान्य नाहीं, हा भेद खरा. तरी श्रद्धेनें झालेली प्रतिष्ठा हें साम्य त्याहून बलवत्तर ठरलें. २०१९ च्या अयोध्येच्या निकालांत मात्र रामललाचें व्यक्तित्व मान्य झालें, जन्मस्थानाच्या भूमीचें झालें नाहीं. केवळ श्रद्धेच्या बळावर भूमीलाच व्यक्ति मानल्यास इतरांचे तिच्यावरील दावे आपोआप खुंटतील, हें कारण तेथें भारी ठरलें.

साम्य-भेदांची ही तोलणी नियमांत बसवितां येईल काय? १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत एडविना रिसलंड व केविन ॲशली यांनीं व्यापारी गुपितांच्या खटल्यांसाठीं 'हायपो' ही संगणक-प्रणाली रचली. तींत एक पक्ष अनुकूल निवाडा पुढें करतो. प्रतिपक्ष भेद दाखवितो अथवा उलट निवाडा आणतो. मग पहिला प्रत्युत्तर देतो. पुढें जॉन हॉर्टी यांनीं तर्कशास्त्राच्या भाषेंत मांडलें, कीं निवाडा म्हणजे कोणतें कारण कोणत्या कारणावर भारी ठरलें याची नोंद. नंतरच्या न्यायाधीशानें नवा भेद अवश्य दाखवावा. पण पूर्वीं लागलेला तो क्रम उलटवूं नये.

मीमांसकांच्या अधिकरणांतील विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व संगति यांची आठवण येथें सहज होते. मात्र तेथें आधार वेदवाक्याचा असे, पूर्वींच्या निवाड्याचा नव्हे.

गणित क्रम जपतें, हें आम्हांस मान्य आहे. पण मुळांत कोणतें कारण तराजूंत घालावयाचें, हें माणसालाच ठरवावें लागतें. १९२५ च्या निवाड्यानें मूर्तीची बाजू मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधि असावा असें सांगितलें, त्याचें मर्म हेंच. देवाच्या वतीनें बोलणारे आपण महाजन असूं, विश्वस्त असूं वा वकील. आपल्याला गैरसोयीचा निवाडा झांकून ठेवला, तर तराजू कितीही अचूक असला तरी न्याय खोटाच होईल.