वीज आली की सगळे स्मार्ट बल्ब आपोआप का पेटतात? अनेक उपकरणांची सेटिंग एकदम कशी बदलायची?

समजा, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईत तुमचं घर आहे. घरात आठ स्मार्ट बल्ब, चार स्मार्ट प्लग आणि दोन कॅमेरे आहेत. रात्री वीज जाते आणि दोन वाजता परत येते. त्या क्षणी आठही बल्ब झगझगीत पेटतात आणि सगळं घर जागं होतं. बल्ब खराब झालेत का? नाही. चूक एका सेटिंगची आहे.

नेमकं काय होतं?

वीज परत आल्यावर काय करायचं, हे बहुतेक स्मार्ट उपकरणांत आधीच ठरवलेलं असतं. त्याला 'पॉवर-ऑन बिहेवियर' म्हणतात. यात साधारण तीन पर्याय असतात: चालू होणे, बंद राहणे किंवा वीज जाण्याआधी जसं होतं तसं होणे. अनेक बल्ब कंपनीकडून 'चालू' वर येतात, कारण भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागावा अशी अपेक्षा असते. जिथे वीज वारंवार जाते, तिथे हीच सोय डोकेदुखी होते.

एकेक करून बदलायचं का?

उपकरणं दोन-तीन असतील तर कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदल करा. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये सगळ्या दिव्यांची ही सेटिंग एकाच पानावर मिळते.

पण एक फरक लक्षात ठेवा. स्मार्ट लाइफ किंवा गुगल होमसारख्या ॲपमधला 'ग्रुप' मुख्यतः उपकरणं एकत्र चालू-बंद करण्यासाठी असतो. आतली सेटिंग ग्रुपमधून बदलेलच असं नाही.

मग उपाय काय?

वेगवेगळ्या कंपन्यांची बरीच उपकरणं असतील तर 'होम असिस्टंट' हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. पाउलस स्काउटसन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. रास्पबेरी पाय किंवा जुन्या कॉम्प्युटरवर ते चालतं. क्रम असा ठेवा:

१. आधी बॅकअप घ्या.
२. उपकरणं जोडा आणि प्रत्येकाला खोली व समजेल असं नाव द्या. 'बल्ब ३' पेक्षा 'ओसरीचा दिवा' बरा.
३. प्रत्येक उपकरणाच्या पानावर पॉवर-ऑनचा पर्याय दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर ते मूळ ॲपमधूनच बदलावं लागेल.
४. 'डेव्हलपर टूल्स' मधल्या 'ॲक्शन्स' मध्ये 'सिलेक्ट' प्रकारची कृती निवडा, हव्या त्या सगळ्या उपकरणांच्या या सेटिंगवर खूण करा आणि पर्याय लिहा.
५. आधी एकाच बल्बवर करून पाहा. मेन स्विच बंद-चालू करून खात्री झाली की बाकीच्यांना लावा.

पर्यायाचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असू शकतं. कुठे 'प्रीव्हियस', तर कुठे 'लास्ट'. म्हणून एका वेळी एकाच कंपनीची उपकरणं घ्या.

काय एकत्र बदलू नये?

पाण्याची मोटर, गीझर, इस्त्री आणि दाराचं कुलूप या यादीत घालू नका. दिव्याला 'आधीसारखं' चालतं, पण गीझर किंवा मोटर वीज आल्यावर आपोआप सुरू होणं धोक्याचं आहे. कुणीतरी तिथे दुरुस्ती करत असू शकतं. त्यांना 'बंद' हाच पर्याय ठेवा.

शेतातल्या कृषिपंपांचंही असंच आहे. ऑटोस्विच लावलेले सगळे पंप वीज येताच एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर अचानक भार येतो. त्यामुळे रोहित्र जळू शकतं. ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वारंवार करतं ते यासाठीच.

पासवर्डचं काय?

राउटर बदलला की सगळी उपकरणं बंद पडल्यासारखी होतात. नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड दिला, तर बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. बरीच उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तो बँड चालू ठेवा.

कॅमेऱ्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड मात्र नक्की बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. इथे सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याचा मोह टाळा. एक फुटला की सगळे फुटतात.

थोडक्यात

दिव्यांना 'आधीसारखं', मोटर-गीझरला 'बंद' आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा पासवर्ड. एवढं एकदा करून ठेवलं, तर रात्री दोनला वीज आली तरी घरातल्यांची झोप मोडणार नाही.