काळ्या मेंढीचं घोंगडं

भीमा आणि मुळा-मुठेच्या बेचक्यातलं राहू बेट आज ऊस आणि गुऱ्हाळांसाठी ओळखलं जातं. पण याच दौंड-शिरूरच्या शिवारात मेंढपाळांचे वाडेही उतरतात आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. घोंगडीचा धंदा उभा होता तो अशा कळपांच्या जिवावर.

मेंढरं राखायची हटकर धनगरांनी, विणायचं खुटेकरांनी आणि सणगरांनी, अशी जुनी वाटणी. विणकराच्या घरातही कामं वाटलेली: चरख्यावर सूत काढायचं बायकांनी, खड्डामागावर बसायचं पुरुषांनी. पोरं बघत बघतच शिकायची.

खरी मेहनत खळीची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून चिकट खळ करायची आणि उन्हात ताणलेल्या ताण्यावर ती कुंच्यानं एकसारखी फिरवायची. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि आखूड. खळीविना तिचा धागा मागाचे हिसके सोसत नाही. म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते, अंगाला टोचते आणि वापरता वापरता मऊ पडते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मात्र मुळातच मऊ; त्या जावळाच्या घोंगडीला आजही जास्त मोल. रंगवायचं कामच नव्हतं. काळं, करडं, पांढरं, जसं मेंढरू तसं घोंगडं. पावसात त्याचीच खोळ, रात्री तेच अंथरूण.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावी स्पॅनिश वंशाची ऑर्तेगा आणि त्रुहियो घराणी अशीच पिढ्यान्‌पिढ्या विणत आली. स्पॅनिशांनी तिकडे नेलेली चुरो मेंढी विसाव्या शतकात नामशेष व्हायला आली, तेव्हा १९७०च्या दशकात उरलीसुरली जनावरं गोळा करून तिची पैदास वाढवली गेली. मागासाठी आधी मेंढी वाचवावी लागते, हे तिथं ओळखलं गेलं.

आपल्याकडे उलटं घडलं, आणि त्याचं वाईट वाटतं. मटणाला भाव आला तशी मडग्याळसारखी उंच मेंढी कळपांत शिरली. तिच्या अंगावर विणण्याजोगी लोकर फारशी नसते. फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनीचा बंगालच्या गारोळ मेंढीशी संकर करून जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ घडवली. मेंढपाळाच्या संसारासाठी ते मोलाचं काम आहे. तेवढाच जोर लोकरीसाठी लागायला हवा होता. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी बाजार आधीच व्यापलेला. दख्खनी मेंढीची कातरणी आजही चुकत नाही, पण लोकरीतून कातरणावळही सुटत नाही, म्हणून कित्येक मेंढपाळ ती रानातच टाकून पुढं निघतात.