बार्बचा बहिष्कार : एका उपान्त्य भागातील इतिहास

मालिकेच्या अखेरच्या भागावर सगळेच लिहितात. उपान्त्य भाग सहसा दुर्लक्षित राहतो. एचबीओवरील ‘बिग लव्ह’ (२००६-२०११) या मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील शेवटून दुसरा भाग मात्र आम्हांला तिच्या इतर कोणत्याही भागापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ‘आउटर डार्कनेस’ हे त्याचे नाव. प्रक्षेपण १५ मार्च २००९.

युटातील बिल हेन्रिक्सनच्या तीन बायकांपैकी बार्ब ही थोरली, मॉर्मन चर्चमध्ये वाढलेली. या संसारापायी चर्च तिला बहिष्कृत करू पाहते. तत्पूर्वी मंदिरात जाऊन ‘एन्डाउमेंट’ हा दीक्षाविधी करावा, एवढीच तिची आस. तो ती करते. मग पंचांसमोर उभी राहते, संसार नाकारत नाही, आणि बाहेर फेकली जाते. आपल्याकडील ग्रामण्याची आठवण व्हावी असाच हा प्रसंग.

श्रद्धावंतांखेरीज इतरांना वर्ज्य असलेला विधी पडद्यावर येणार म्हणून प्रक्षेपणाआधीच चर्चने नापसंती व्यक्त केली, पण मालिकेवर बहिष्काराची हाक देणे टाळले. वाहिनीने दुखावलेल्यांची क्षमा मागितली आणि भाग दाखवलाच. चर्चेचा सारा भर पावित्र्यभंगावर राहिला. खरा पेच त्याहून जुना आहे.

बहुपत्नीकत्वाची जाहीर घोषणा सॉल्ट लेक सिटीत १८५२ साली झाली. तेथील मंदिराची कोनशिला १८५३ ची, वास्तू पूर्ण झाली १८९३ मध्ये. म्हणजे जी प्रथा धर्माज्ञा असताना पाया घातला गेला, ती कळस चढण्यापूर्वीच, १८९० च्या जाहीरनाम्याने, सोडून द्यावी लागली होती! मधल्या काळात सरकारने कायद्यांचा फास आवळत नेला. १८७९ च्या ‘रेनॉल्ड्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा आणि आचरण यांत भेद केला, आणि दाखला दिला तो सतीचा. १८८७ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त झालीच. शिवाय युटातील स्त्रियांना १८७० पासून असलेला मताधिकारही गेला. स्त्रियांच्या उद्धाराची भाषा करणाऱ्यांनी त्यांचे मत काढून घ्यावे, हा विरोधाभास एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकांना नवा नाही.

हा युक्तिवाद मुंबईपर्यंतही पोहोचला. हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायद्याविरुद्धच्या नरसू अप्पा माळी खटल्यात (१९५१) न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. तेथेही श्रद्धा आणि आचरण यांतील तोच भेद निर्णायक ठरला.

बार्बपुढील पंचांकडे पाहताना हे सारे आठवत राहते. १८८० मध्ये जो संसार पुण्याचा ठरला असता, तोच २००९ मध्ये हद्दपारीचा. शिवाय विधुराने पुन्हा विवाह केल्यास दोन्ही पत्नी परलोकातही त्याच्याशी बांधलेल्या राहतात, ही समजूत चर्चने सोडलेली नाही. पडद्यावरील पंच हे बोलत नाहीत. बार्बही बोलत नाही. लेखकद्वय मार्क ओल्सेन आणि विल शेफर यांनी येथे तिला भाषण दिले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

२०२० मध्ये युटाने संमतीने एकत्र राहणाऱ्या सज्ञानांचे बहुपत्नीकत्व किरकोळ गुन्ह्याच्या पातळीवर आणले. चर्चचा नियम मात्र बदललेला नाही.