मोतीचे दात आणि मोतीचं वय

सणसवाडीच्या आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा होता. नवव्या वर्षी त्याने भाकरी सोडली. तुकडा तोंडात घ्यायचा, मान तिरकी करून एकाच बाजूने चावायचा आणि टाकून द्यायचा. आजोबांनी जबडा उघडून पाहिला. "दात काळे पडलेत, झिजलेत. म्हातारा झाला," म्हणाले. झालं, विषय संपला. आम्ही भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागलो आणि वर्ष काढलं. मग त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. पशुवैद्यांनी सांगितलं की वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालाय आणि हिरडी कधीचीच सडलीय. भूल देऊन दाढ काढली, बाकीचे दात साफ केले. पंधरा दिवसांत मोती भाकरी कराकरा चावत होता.

म्हणजे ते वर्षभर त्याला दुखत होतं आणि आम्ही त्याला वय म्हणत होतो.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर आजोबांच्या चुकीत. ती अडाणीपणाची चूक नव्हती. आजोबांना दात वाचता येत होते, फक्त बैलाचे. चाकणच्या बाजारात बैल घेताना पहिला हात तोंडाकडे जातो. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. खालचे आठ दूधदात जोडीजोडीने पडतात आणि पक्के येतात. दूधदात शाबूत असले की आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे आले की जुळलेला. आपल्याकडच्या जनावरांत हे साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान घडतं. दात म्हणजे वय, आणि वय म्हणजे किंमत. शर्यतीच्या बैलांचे गटसुद्धा यावरूनच पडतात.

ही नजर फार जुनी आणि फार लांबवर पसरलेली आहे. ग्रीक लेखक झेनोफॉन घोडा विकत घेणाऱ्याला दात बघून वय ओळखायला सांगतो. ॲरिस्टॉटल तर कुत्र्याबद्दलच लिहितो: तरुण कुत्र्याचे दात पांढरे नि टोकदार, म्हाताऱ्याचे काळे नि बोथट. (हाच गृहस्थ बायकांना पुरुषांपेक्षा कमी दात असतात असंही लिहून गेलाय. मोजायला तोंड उघडावं लागतं!) आजोबांनी ॲरिस्टॉटल वाचला नव्हता, पण दोघांचं निदान शब्दशः एकच.

गडबड अशी आहे की बैलाच्या तोंडातलं घड्याळ पाच वर्षं चालतं, कुत्र्याचं सात महिन्यांत थांबतं. तोवर त्याचे २८ दूधदात जाऊन ४२ पक्के दात आलेले असतात. त्यानंतर दिसतं ती झीज किंवा रोग. दातावर जिवाणूंचा चिकट थर बसतो, लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांतच त्याचं कीटण होतं, ते हिरडीखाली सरकतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. काळा रंग बहुधा या कीटणाचा असतो, वयाचा नव्हे.

मग कुत्र्याचं तोंड कुणी तपासलं का नाही? माझं मत असं, की त्याला बाजारभाव नव्हता. पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली ती घोड्यांच्या गरजेतून. १८८९ मध्ये पुण्यातच जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, कारण बुळकांडीसारख्या साथी गोठेच्या गोठे रिकामे करत होत्या. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. या सगळ्या व्यवस्थेत हिरडी सुजलेला राखणीचा कुत्रा कुठे बसणार?

आता आपल्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला चला. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत इथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ चा आहे. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. माणसांच्या दातांवर जॉन ल्युकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी काम केलं, प्राण्यांच्या हाडांवर पी. के. थॉमस यांनी. गायबैल, शेळ्यामेंढ्या यांच्यासोबत कुत्राही तिथे आहे.

गुराढोरांचे दात पुरातत्त्वातही मुख्यतः वयासाठीच वाचले जातात. सेबॅस्टियन पेन यांनी १९७३ मध्ये तुर्कस्तानातल्या शेळ्यामेंढ्यांच्या जबड्यांवरून दाखवलं, की कोणत्या वयात जनावरं मारली हे कळलं तर कळप दुधासाठी होता, मांसासाठी की लोकरीसाठी याचा अंदाज बांधता येतो. पद्धत उत्तम आहे, पण प्रश्न बाजारातलाच. तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हाडांच्या तक्त्यात 'वय' हा रकाना आपोआप येईल. 'हिरडीचा रोग' हा रकाना तुम्हालाच आखावा लागेल.

आणि तो भरता येतो. दाताभोवतीच्या हाडाची कड मुळाकडे खचलेली दिसते. कीटण दाताला चिकटून हजारो वर्षं टिकतं, त्यात अन्नातल्या पिष्टाचे कणही सापडतात. दात नसेल तर खाच बघायची. मेल्यानंतर दात निखळला असेल तर खाच उघडी आणि तिच्या कडा धारदार. जिवंतपणी गेला असेल तर तिथे नवं हाड भरून आलेलं असतं. म्हणजे दात गेल्यावरही हा प्राणी जगला, खात राहिला. राखणीच्या कुत्र्याबाबतीत कुणीतरी त्याला मऊ घालत होतं का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर एका जबड्यावरून देऊ नका, मार्गदर्शक सोडणार नाहीत.

घरी कुत्रा असेल तर तोंडाला घाण वास येणं, एका बाजूने चावणं, हिरडीच्या कडेला लाल रेघ ही लक्षणं बघा. मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीची पेस्ट वापरा. आपली नको, काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. दगडासारखी हाडं चघळायला देऊ नका, त्याने दाढा फुटतात.

दाढ काढल्यावर मोती अडीच वर्षं जगला. विहिरीमागच्या लिंबाखाली त्याला पुरलंय. उजवीकडची ती खाच भरून आली असणार.