अप्रकाशित ‘टार्झन’ : अटारी यंत्रासाठीचा हरवलेला व्हिडिओ गेम आणि जतनाचा प्रश्न

एडगर राइस बरोज यांच्या कादंबऱ्यांतील सुप्रसिद्ध साहसवीर टार्झन याच्यावर आधारित आणि अटारी २६०० या घरगुती खेळयंत्रासाठी तयार करण्यात आलेला एक व्हिडिओ गेम १९८० च्या दशकात बाजारात येण्यापूर्वीच मागे पडला. सुमारे चार दशके तो केवळ जुन्या घोषणांपुरता आणि संग्राहकांच्या याद्यांपुरता अस्तित्वात होता. अखेर त्याची एक चाचणी प्रत संग्राहकाच्या हाती लागली आणि तिच्यातील मजकूर सुरक्षितपणे उतरवून घेण्यात आला. एका विस्मृत खेळाच्या पुनर्प्राप्तीपुरते या घटनेचे महत्त्व मर्यादित नाही. प्रकाशित न झालेली डिजिटल कलाकृती किती नाजूक धाग्यावर टिकून असते, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

मासिकातून आलेला नायक

टार्झन प्रथम वाचकांसमोर आला तो ऑक्टोबर १९१२ मध्ये, ‘द ऑल-स्टोरी’ या अमेरिकी मासिकातून. १९१४ मध्ये ही कथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९१८ मध्ये तिच्यावर मूकपट निघाला आणि १९३२ पासून जलतरणपटू जॉनी वाइसमुलर यांनी ही भूमिका साकारत नायकाची आरोळी जगभर पोहोचवली. बरोज यांनी १९२३ मध्येच आपल्या साहित्याचे हक्क सांभाळण्यासाठी स्वतःची कंपनी स्थापन केली होती. चित्रपट, चित्रकथा, खेळणी अशा प्रत्येक नव्या माध्यमाने टार्झनचा वापर हक्क मिळवून केला. व्हिडिओ गेम हा त्याच परंपरेतील पुढचा टप्पा होता.

भारतातही हा नायक लवकर पोहोचला. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३७ मध्ये ‘तूफानी टार्झन’ हा चित्रपट काढला. त्याचे दिग्दर्शन होमी वाडिया यांनी केले होते आणि प्रमुख भूमिका जॉन कावस यांची होती. पुढे १९८५ मध्ये हेमंत बिर्जे आणि किमी काटकर यांचा ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टार्झन’ हा हिंदी चित्रपट लोकप्रिय ठरला.

एका छोट्या यंत्राच्या मर्यादा

अटारी २६०० हे यंत्र सप्टेंबर १९७७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. भारतात पुढे ‘कॅसेट’ या नावाने ओळखले गेलेले कार्ट्रिज त्यात बसवून दूरचित्रवाणी संचावर खेळ खेळता येत असे. यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती, तर साध्या कार्ट्रिजमध्ये ४ किलोबाइटपर्यंतच मजकूर मावत असे. अधिक मोठे खेळ तयार करण्यासाठी स्मृतीचे भाग आलटून पालटून जोडण्याची युक्ती योजावी लागे.

पडद्यावरील संपूर्ण चित्र साठवून ठेवण्याची सोय या यंत्रात नव्हती. दूरचित्रवाणीचा किरण पडद्यावर एकेक ओळ रेखत असताना त्या क्षणी काय दिसावे, हे आज्ञावलीलाच ठरवावे लागे. यंत्रणेने पुरवलेल्या हलत्या वस्तू पाचच होत्या : दोन खेळाडू, त्यांची दोन अस्त्रे आणि एक चेंडू. झाडे, वेली, पाणी, श्वापदे आणि नायक असा जंगलाचा पसारा एवढ्या साधनांत उभा करणे हे अवघड काम होते.

तरीही ते अशक्य नव्हते. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीसाठी डेव्हिड क्रेन यांनी तयार केलेल्या ‘पिटफॉल!’ या १९८२ मधील खेळाने जंगलाची २५५ दृश्ये ४ किलोबाइटमध्ये सामावली होती. दृश्ये साठवून न ठेवता एका गणिती सूत्रातून ती निर्माण करण्यात आली होती. त्यातील नायक वेलीला लोंबकळताना टार्झनच्या आरोळीची आठवण करून देणारा आवाजही ऐकू येत असे. या खेळाच्या ४० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. साहजिकच, जंगलातील मूळ नायकाचा अधिकृत खेळ काढणे हा व्यावसायिकदृष्ट्या सयुक्तिक विचार होता.

कोलेकोचा प्रयत्न

हा विचार कोलेको या कंपनीने प्रत्यक्षात आणला. १९३२ मध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे चामड्याच्या व्यवसायातून सुरू झालेली ही कंपनी पुढे खेळण्यांकडे व नंतर इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली. ऑगस्ट १९८२ मध्ये तिने ‘कोलेकोव्हिजन’ हे स्वतःचे खेळयंत्र आणले. त्यात चित्रासाठी १६ किलोबाइटची स्वतंत्र स्मृती होती आणि ३२ हलत्या आकृत्या दाखवण्याची क्षमता होती. मात्र प्रतिस्पर्धी अटारीचे यंत्र लाखो घरांत असल्याने कोलेको त्या यंत्रासाठीही कार्ट्रिज विकत असे.

टार्झनचा खेळ कोलेकोव्हिजनसाठी १९८४ मध्ये प्रकाशित झाला. ओपार या काल्पनिक नगरीतील पशुमानव आणि शिकारी यांनी पकडलेल्या वानर सहकाऱ्यांना सोडवणे, असे त्याचे कथासूत्र होते. अटारी २६०० साठीच्या आवृत्तीचे काम न्यू जर्सीतील जेम्स वीकस्टेड डिझाइन असोसिएट्स या बाहेरील संस्थेकडे होते. ही आवृत्ती तयार होत असतानाच बाजाराचे चित्र पालटले.

बाजार कोसळला

१९८३ मध्ये उत्तर अमेरिकेतील व्हिडिओ गेम उद्योग अभूतपूर्व मंदीत सापडला. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाला होता, दुकानांत न विकलेल्या मालाचे ढीग साचले होते आणि स्वस्त घरगुती संगणकांची स्पर्धाही वाढली होती. अटारी कंपनीला त्या एका वर्षात ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे न खपलेली कार्ट्रिजे जमिनीत पुरली. एप्रिल २०१४ मधील उत्खननात ती पुन्हा सापडली.

कोलेकोसमोर याखेरीज आणखी एक संकट होते. कंपनीने १९८३ मध्ये आणलेला ‘अ‍ॅडम’ हा घरगुती संगणक दोषांमुळे अपयशी ठरला. यंत्र सुरू करताना निर्माण होणाऱ्या चुंबकीय लहरीने त्यातील टेपवरील मजकूर पुसला जाण्याचा धोका असे. १९८५ मध्ये कोलेकोने अ‍ॅडम आणि कोलेकोव्हिजन ही दोन्ही उत्पादने बंद केली. १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जुन्या अटारी यंत्रासाठीचा टार्झन या उलथापालथीत मागे राहिला.

चिप आणि काळ

प्रकाशित आणि अप्रकाशित खेळ यांच्या आयुष्यातील खरा फरक त्यांच्या चिपमध्ये आहे. बाजारात जाणाऱ्या कार्ट्रिजमधील चिपमध्ये कारखान्यातच मजकूर कायमचा कोरला जात असे. तो पुसता येत नाही आणि अशा हजारो किंवा लाखो प्रती सर्वत्र विखुरलेल्या असतात. त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या, तरी खेळ टिकून राहतो.

चाचणी प्रतीसाठी वेगळ्या प्रकारची चिप वापरली जात असे. तिच्यावरील मजकूर अतिनील किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येत असे आणि त्यासाठी तिच्या माथ्यावर काचेची छोटी खिडकी असे. विकासकांना रोज सुधारणा करावयाच्या असल्याने ही सोय उपयुक्त होती. परंतु या चिपमधील मजकूर सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो भार कालांतराने गळत जातो. खिडकीवरील कागदी चिकटपट्टी निघून प्रकाश आत गेला, तर ही प्रक्रिया वेगाने घडते. अशा चिपचे अपेक्षित आयुष्य काही दशकांचेच असते. शिवाय चाचणी प्रतींची संख्या बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असते. काम संपल्यावर त्याच चिपवर दुसरा खेळ लिहिला जाण्याचीही शक्यता असते.

टार्झनची प्रत या सर्व शक्यतांतून बचावली. संग्राहक आणि खेळांच्या इतिहासाचे अभ्यासक यांच्या सहकार्याने तिच्यातील मजकूर उतरवण्यात आला. या कामात विशेष वाचकयंत्राच्या साहाय्याने चिपमधील प्रत्येक बाइट वाचून त्याची संगणकीय प्रत तयार करतात. ही प्रत जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीवर चालवता येते. अशा प्रकारे टार्झनचा खेळ आता सर्वसामान्यांनाही पाहता व खेळता येतो.

कायद्याची बाजू

अशा कामात कायदा अनेकदा संदिग्ध राहतो. खेळाची आज्ञावली एका कंपनीची, नायक दुसऱ्याच हक्कधारकाचा आणि मूळ प्रकाशक अस्तित्वातच नाही, अशी गुंतागुंत असते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृती हक्कमुक्त होते. बरोज यांचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा भारतात २०११ पासून मुक्त आहेत. १९८० च्या दशकातील आज्ञावलीला मात्र हा हिशेब लागू होत नाही आणि टार्झन या नावावरील व्यापारचिन्हाचे हक्कही वेगळे आहेत.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. जतन केलेले खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत, ही ग्रंथालयांच्या बाजूने झालेली मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. भारतीय कॉपीराइट कायद्यात बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा आहे. मात्र त्यासाठी त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाजवळ आधीच असावी लागते. जन्मतःच डिजिटल असलेल्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही अट अडचणीची ठरते.

हानीचा अनुभव

माध्यम नवे असताना त्याच्या जतनाचा विचार मागे पडतो, हा अनुभव भारताला चित्रपटांच्या बाबतीत आला आहे. १९३१ मधील ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर बहुतांश मूकपट नष्ट झाले होते.

अटारीचा टार्झन हा त्या काळातील सर्वोत्तम खेळ होता, असा दावा कोणी करीत नाही. परंतु एखादी कृती जतनास योग्य आहे की नाही, हे ती हाती असतानाच ठरवता येते. टार्झनच्या बाबतीत ही संधी मिळाली, कारण चिपमधील विद्युतभार नाहीसा होण्यापूर्वी ती वाचली गेली. याच काळातील इतर अप्रकाशित खेळांच्या चाचणी प्रती जेथे पडून असतील, तेथे हीच मुदत दरवर्षी कमी होत आहे.