परक्या दौतीतला खानदेश

फारुकी सुलतानांनी खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षे राज्य केले. मलिक राजाने थाळनेरला बसून १३८२ मध्ये स्वतंत्र कारभार मांडला आणि १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती गेला. या राज्याची हकिगत मात्र आपण वाचतो ती बाहेरच्यांच्या लेखणीतून. ती लेखणी कोणाकोणाच्या हातून फिरली, त्याचा हा मागोवा.

पहिला हात वकिलाचा. १५९१ मध्ये अकबराने आपला दरबारी कवी फैजी याला बुऱ्हाणपूरला फारुकी सुलतान राजा अलीखानाकडे आणि पुढे अहमदनगरला धाडले. दक्षिणेतून त्याने बादशहाला खलिते लिहिले.

दुसरा हात फैजीचा धाकटा भाऊ अबुल फजल याचा. तो बादशहाचा मंत्री आणि असीरगडाच्या वेढ्यात प्रत्यक्ष हजर असलेला सरदार. राज्य जिंकल्यावर अकबराचा मुलगा शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे ‘दानदेश’ झाले, आणि ‘ऐन-ए-अकबरी’त तो सुभा ३२ परगण्यांसह नोंदला गेला. धरणगावचे तलम कापड, मुख्य पीक ज्वारी, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव, चोपड्याजवळचे रामेश्वर, सैन्यातले कोळी, भिल्ल आणि गोंड हे सारे त्यात आहे. आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला ओळखीच्या खुणा पानोपानी सापडतात. पण ही नजर वसुलीची आहे. नवा मुलूख काय देईल, हे तिला पाहायचे होते.

तिसरा हात महंमद कासिम फरिश्ता याचा. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा हा माणूस विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. १६०४ मध्ये आदिलशहाच्या मुलीला दानियालशी लग्नासाठी पोचवायला तो पैठणला गेला आणि तिथून बुऱ्हाणपूरलाही. त्याच्या ग्रंथात खानदेशच्या सुलतानांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. खलिफा उमर ‘फारूक’ याच्यापर्यंत पोचणारी वंशावळ आणि आसा अहिराचा असीरगड फारुकींनी कपटाने घेतल्याची कथा त्यानेच दूरवर नेली. पराभूत घराण्याला त्याने निदान एक सलग चरित्र दिले.

चौथा हात इंग्रज अधिकारी जॉन ब्रिग्जचा. १८१७ मध्ये पुण्याची इंग्रज रेसिडेन्सी जळाली, त्यात त्याची पुस्तके आणि हस्तलिखितेही गेली. पुढच्याच वर्षी तो खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला. धुळ्याला त्याने ठाणे केले आणि व्यापाऱ्यांना बोलावून गाव वाढवले. त्याने केलेले फरिश्त्याचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत निघाले. फारुकींचा मुलूख चालवणाऱ्या माणसानेच फारुकींची हकिगत इंग्रजीत नेली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने फरिश्त्याचाच आधार घेतला, आणि गॅझेटियरवरून आपली शालेय माहिती बेतली गेली.

या चौघांवाचून आपले चालत नाही, हे खरे. पण वकील, मंत्री, दरबारी, एजंट यांपैकी कोणीही शेतकरी, विणकर किंवा भिल्ल नाईकाच्या बाजूने लिहायला बसला नव्हता. ती बाजू थाळनेरच्या कबरींवर, गावच्या वतनपत्रांत आणि मोडी दप्तरांत शोधावी लागेल. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून हेच काम करत आले आहे. तुमच्या घरच्या माळ्यावर सनद, महजर किंवा कागदांचे जुने रुमाल पडून असतील, तर वाळवी लागण्याआधी ते जाणकारांना दाखवा.