चाहत्याची यादी आणि वादकाची मजुरी

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला गाण्यांच्या याद्यांशी काय कर्तव्य, अशी शंका आमच्या विषयाचे नाव वाचून कित्येक श्रोत्यांना आली असेल. शंका रास्त आहे. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि त्यानंतर युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. पण मागे एकदा सभा आटोपल्यावर एका तरुण फिटरने आपल्या मोबाईलवरची आवडीची यादी आम्हाला ऐकवली. जर्मनीचे क्राफ्टवर्क, मँचेस्टरचे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर, डेट्रॉइटचे हुआन ॲटकिन्स, आणि मधूनच आपल्या मुंबईचे चरणजित सिंग. प्रत्येक गाणे कोणत्या गाण्यानंतर यावे याचा त्याने महिनाभर विचार केला होता. आम्ही आपला धंद्याचा प्रश्न केला : "यात वाजवणारे किती, आणि त्यांना मजुरी कोण देतो?" त्याला सांगता येईना, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवतो.

या संगीताला ऑल्टरनेटिव्ह म्हणतात ते एवढ्याचसाठी, की ते मोठ्या कंपन्यांच्या हमरस्त्याने न जाता आडवाटेने वाढले. त्याची दुसरी शाखा विजेच्या वाद्यांची. ड्युसेलडॉर्फ या औद्योगिक शहरात राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० साली क्राफ्टवर्क काढले, आणि १९७४ च्या 'आउटोबान'मध्ये मोटाररस्त्याची धाव यंत्रांच्या सुरांत उभी केली. पुढे मोटारींच्याच डेट्रॉइट शहरात 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने रेडिओवर बोलणाऱ्या निवेदकाने क्राफ्टवर्क आणि कृष्णवर्णीयांचे फंक संगीत एकाच रात्री, एकापाठोपाठ ऐकवले. ते कान देऊन ऐकणाऱ्या ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन शाळासोबत्यांच्या हातून टेक्नो संगीत घडले. ऐकवणाऱ्याने लावलेल्या क्रमालाही काही मोल असते, ते असे.

हा क्रम लावण्याची सत्ता सामान्य श्रोत्याच्या हाती आली ती कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. कोटाच्या खिशात मावेल एवढीच तिची मापे असावीत, हा त्यांचा आग्रह होता. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे मिळत. त्यात काय बसवायचे आणि काय वगळायचे हे ठरवताना श्रोत्याला निवड करावीच लागे. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि ही निवड माणसाबरोबर रस्त्याने चालू लागली. आमच्या तरुणपणी आम्हीही नाक्यावरच्या दुकानात कागदावर गाणी लिहून देत असू आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन येत असू. त्या कागदावर गायकाचे नाव असे, चित्रपटाचे असे. वादकाचे कधीच नसे.

इंग्लंडातल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांना ही गोष्ट मुळीच मानवली नाही. घरी गाणी उतरवून घेण्याने संगीताचा जीव जातो आहे, अशी मोहीम त्यांच्या संघटनेने १९८१ साली काढली. चिन्ह कोणते, तर हाडांवर कवटीच्या जागी कॅसेट. त्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या वाद्यवृंदाने आपल्या कॅसेटची एक बाजू मुद्दाम कोरी ठेवून श्रोत्यांना हवे ते भरायला मोकळीक दिली. मौजेची गोष्ट खरी. पण वादकाच्या पोटाचा प्रश्न तिने सुटत नाही.

तो सोडवण्याचा जुना प्रयत्न कुठे झाला हे पाहताना आम्ही मँचेस्टरला पोचलो. गिरण्यांच्या या शहरात १८९३ साली जोसेफ विल्यम्स या क्लॅरिनेट वाजवणाऱ्या गृहस्थांनी वादकांची युनियन स्थापन केली. तीच पुढे ब्रिटनची म्युझिशियन्स युनियन झाली. बीबीसीने दिवसाकाठी किती तास तबकड्या लावाव्यात, यावर युनियनच्या आणि कंपन्यांच्या आग्रहाने मर्यादा घातलेली होती. तिला 'नीडल टाइम', म्हणजे सुई टेकण्याचा वेळ, म्हणत. तबकडी वाजली की जिवंत वादक बसून राहतो, हा त्यामागचा हिशेब. श्रोते या नियमाला कंटाळलेले असत. पण त्याच नियमामुळे बीबीसीला वादकांना बोलावून, ठरलेला मोबदला देऊन, नवे ध्वनिमुद्रण करावे लागे. निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमात १९६७ पासून २००४ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत अशी चार हजारांहून अधिक मुद्रणे झाली. जॉय डिव्हिजन, द स्मिथ्स, द फॉल ही मँचेस्टरची मंडळी त्यांत होती. तरुण मुले रेडिओपुढे बोट बटणावर ठेवून बसत आणि ती कॅसेटवर उतरवून घेत. १९७६ पासून श्रोत्यांच्या मतांनी पन्नास गाण्यांची वार्षिक यादीही पील यांनी सुरू केली. म्हणजे ज्या याद्यांचे आज आपण कौतुक करतो, त्यांतला पुष्कळसा माल युनियनच्या त्या रुक्ष नियमाच्या आधाराने तयार झाला. १९८८ साली तो नियम उठला.

आता आमच्याच बाजूची चूक सांगणे प्राप्त आहे. १९८२ साली याच युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांवर बंदीची मागणी केली. भीती खोटी नव्हती. एक यंत्र साऱ्या व्हायोलिनवाल्यांची जागा घेऊ शकत होते. पण पुढच्याच वर्षी, जिथे ती युनियन जन्मली त्याच मँचेस्टरच्या न्यू ऑर्डरचे, ड्रम मशीनवर रचलेले 'ब्लू मंडे' बाहेर पडले. यंत्रामागेही वादकच होता, आणि तोही मजूरच होता. यंत्र फोडून रोजगार वाचत नाही. यंत्राच्या कमाईत वाटा मागावा लागतो. साचेखात्यात जन्म काढलेल्या आमच्या वडिलांना हे कळत होते. आम्हाला कळायला वेळ लागला.

तेच १९८२ साल आपल्या मुंबईचेही आहे. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझर आणि ड्रम मशीनने वाजवून एक तबकडी काढली. ती फारशी कोणी घेतली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती तिची प्रत लागली, २०१० साली ती पुन्हा निघाली, आणि जग थक्क झाले. २०१५ साली सिंग वारले, तोपर्यंत परदेशातल्या तरुणांपुढे त्यांनी ते राग पुन्हा वाजवले होते. कंपनी विसरली, ते चाहत्याने जपले. पण याच यंत्रांच्या आगमनानंतर मुंबईच्या स्टुडिओंतले मोठे वाद्यवृंद ओसरत गेले, आणि गोव्याहून येऊन हिंदी गाण्यांना साज चढवणाऱ्या व्हायोलिनवादकांच्या पिढीचे काम संपत आले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आज यादी करायला दुकानात जावे लागत नाही. स्पॉटिफायसारख्या कंपन्यांनी ती फुकट किंवा माफक वर्गणीत करून दिली आहे. कंपनी कवटीचे चिन्ह काढत नाही. उलट, "यादी करा" म्हणून आर्जवे करते, कारण आता यादी तिच्याच कोठारात राहते. परंतु २०२४ पासून तिचा नियम असा की, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मुद्रणाच्या मानधनातला वाटा मिळत नाही. म्हणजे आडवाटेचा जो वादक शोधून काढण्यात चाहत्याला अभिमान वाटतो, तोच नेमका कोरडा राहतो. पील यांच्या स्टुडिओत अनोळखी पोरांनाही ठरलेला मोबदला मिळत होता, हे येथे आठवावे.

आमच्या फिटर मित्राला आम्ही यादी मोडायला सांगितले नाही. त्याने ती वाढवावी. फक्त दोन गोष्टी कराव्यात असे सुचवले : प्रत्येक गाण्यापुढे ते कोणी वाजवले हे लिहावे, आणि वर्षातून निदान एकदा त्यांपैकी कोणाची तरी तबकडी किंवा कार्यक्रमाचे तिकीट पदरचे पैसे देऊन घ्यावे. याने सगळा प्रश्न सुटणार नाही. त्याला वादकांची संघटनाच लागेल. पण संघटनेच्या मागे उभे राहायचे तर आधी माणसे नावाने ठाऊक असावी लागतात. परवा तो पुन्हा कचेरीत आला होता. यादीतल्या अठ्ठावीस गाण्यांपैकी एकोणीस गाण्यांचे वादक त्याने शोधून वहीत लिहिले आहेत. उरलेल्या नवांचा शोध आम्ही दोघे मिळून घेत आहोत.